‘विडोज वीड्स’ : एका जुन्या कापडी शब्दाची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

कॉलेजात असताना एका इंग्रजी कादंबरीत ‘विडोज वीड्स’ असे शब्द आले आणि मी अडखळले. विडो म्हणजे विधवा, वीड म्हणजे तण. विधवेचं तण? नवऱ्याच्या कबरीवर उगवलेलं गवत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पान उलटलं. पुष्कळ वर्षांनी शब्दकोश उघडला तेव्हा कळलं, या वीडचा गवताशी काडीचाही संबंध नाही. इथे वीड म्हणजे वस्त्र.

आपल्याकडे ‘वीट’ पाहा. भिंतीतली वीट संस्कृत ‘इष्टके’वरून आली आणि एखाद्या गोष्टीचा वीट येतो तो निराळाच. उच्चार एक, कुळं दोन. तसंच इथे झालं. जुन्या इंग्रजीत तणाला ‘वेओद’ म्हणत आणि कापडाला ‘वॅद’. लोकांच्या तोंडी झिजत झिजत दोघेही ‘वीड’वर येऊन थांबले.

हजार वर्षांपूर्वी हा ‘वॅद’ अंगावरच्या कुठल्याही कपड्याला चालायचा. त्याची भावंडं शेजारच्या भाषांतही होती. आइसलँडमध्ये मागावर विणलेल्या जाड लोकरी कापडाला ‘वाद्माल’ म्हणत, म्हणजे मापाचं कापड. ते तिथे पैशासारखं चालायचं. देणं फेडायचं तर हात मोजून कापड द्यायचं!

शेक्सपिअरच्या काळापर्यंत शब्द धडधाकट होता. ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नाटकात व्हायोला पुरुषवेषात वावरते. शेवटी खरं काय ते कळल्यावर ड्यूक तिला म्हणतो, तुला बाईच्या ‘वीड्स’मध्ये पाहू दे. किती आनंदाचा प्रसंग आहे तो! तिथे या शब्दावर शोकाची सावलीसुद्धा नाही.

पण रोब, गार्मेंट हे फ्रेंचमधून आलेले शब्द रुळले होते, घरचा ‘क्लोद्स’ होताच, आणि वीड मागे मागे सरकत गेला. राहिला तो फक्त विधवेच्या अंगावर. 14 डिसेंबर 1861 रोजी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट वारले. राणीने त्या दिवसापासून काळे कपडे धरले, ते 1901 मध्ये स्वतः जाईपर्यंत. तेव्हाच्या सुखवस्तू घरांतल्या विधवा क्रेप नावाचं सुरकुतलेलं रेशीम वापरत. रेशीम असूनही त्याला मुद्दाम चमक ठेवलेली नसे. पावसात भिजलं की त्याचा काळा रंग सुटायचा, गळ्याला, गालाला लागायचा. दुःख असं कातडीवर उतरलेलं मला डोळ्यांसमोर दिसतं आणि कसंसंच होतं.

हे वाचताना मला आपलं ‘आलवण’ आठवलं. ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवांचं ते जाडंभरडं लाल लुगडं. तेही गेलं, आणि ते बरंच झालं. माझी आजी तिच्या आत्याबद्दल सांगायची, तेव्हा मी मधेच विचारायचे, “आजी, त्यांची साडी लालच का गं?” आजी हातातलं काम थांबवायची.

“साडी नव्हे बाळ,” म्हणायची, “आलवण.”