फायटर आणि विझार्ड यांना एकाच लढाईत का तोलू नये

नमस्कार. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती फासे टाकून खेळायच्या साहसकथेच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पात्रे पाचव्या लेव्हलला पोहोचली की एक तक्रार हमखास ऐकू येते. विझार्डने, म्हणजे जादूगाराने, फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकला की लढाई आटोपते आणि फायटरच्या, म्हणजे योद्ध्याच्या, वाट्याला उरलेसुरले शत्रू येतात. माझ्या टेबलावरही ही तक्रार आली होती. फायटर खेळणाऱ्या मैत्रिणीला मी तेव्हा शस्त्र बदलायला लावले, ताकदीचा आकडा वाढवायला सांगितला, सगळी बांधणीच नव्याने करून पाहायला सांगितली, आणि तरीही काही फरक पडला नाही. दोष तिच्या कॅरेक्टर शीटमध्ये, म्हणजे पात्राच्या आकड्यांच्या कागदावर, नव्हताच. खेळ चालवणारा डंजन मास्टर म्हणून मी आखलेल्या दिवसात तो होता.

हे नुसते मत नाही, आपण हिशेबच मांडू.

(पडद्यावर: दोन्ही पात्रांचे आकडे)

नियम २०१४ सालचे घेऊ. पाचव्या लेव्हलचा फायटर, ताकद १८, हातात ग्रेटस्वॉर्ड. एका फटक्याचे डॅमेज दोन सहा-बाजूंचे फासे अधिक ४, म्हणजे सरासरी ११, आणि असे फटके त्याला प्रत्येक फेरीत दोन मिळतात. विझार्डची बुद्धीही १८ धरू. त्याचा फायर बोल्ट हा न संपणारा मंत्र दहा-बाजूंच्या दोन फाशांचे, म्हणजे पुन्हा सरासरी ११ डॅमेज देतो, पण फेरीत एकदाच. शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे फटका लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा, १५ असेल, तर दोघांनाही नेम साधण्याची संधी ६५ टक्के असते. याचा अर्थ मोठे मंत्र संपलेला विझार्ड हा फायटरच्या नेमका निम्मा असतो.

आता फायरबॉल पाहू. आठ फासे, सरासरी २८. फासा टाकून सेव्ह, म्हणजे बचाव, साधणाऱ्याला निम्मे. तीन शत्रू सापडले आणि निम्म्या वेळा सेव्ह साधला गेला, असे धरले तर एका फायरबॉलचे ६३ होतात. दिवसभरात एकच लढाई असेल आणि ती तीन फेऱ्या चालली, तर विझार्ड दोन फायरबॉल आणि एक फायर बोल्ट टाकून साधारण १३३ डॅमेज करतो. ॲक्शन सर्ज, म्हणजे एका फेरीतली जादा कृती, वापरूनही फायटर ५७ च्या आसपासच राहतो. तक्रार खरी आहे, ती इथपर्यंत.

पण त्याच दिवशी तशाच सहा लढाया असतील आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोट्या विश्रांती, मिळाल्या असतील, तर काय होते? फायटरचा ॲक्शन सर्ज प्रत्येक शॉर्ट रेस्टनंतर परत येतो, त्यामुळे त्याचे एकूण ४२ फटके होतात आणि डॅमेज ३०० वर जाते. विझार्डजवळ फायरबॉलसाठी लागणारे तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट, म्हणजे मंत्र टाकण्याच्या मोजक्या संधी, असतात आणि आर्केन रिकव्हरी या त्याच्या क्षमतेने आणखी एक मिळतो. म्हणजे तीन फायरबॉल, आणि उरलेल्या १५ फेऱ्या फायर बोल्ट. बेरीज येते २९६. लहान स्लॉट मी यात धरलेले नाहीत, कारण ते बहुधा शील्डसारख्या बचावाच्या मंत्रांत खर्च होतात. त्या वेळच्या डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकात साहसाच्या एका दिवसासाठी सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढायांचा अंदाज दिलेला होता. आपण मात्र रविवारी संध्याकाळी जमतो, एक मोठी लढाई खेळतो आणि पात्रांना आठ तासांची झोप, म्हणजे सगळे मंत्र परत देणारी लाँग रेस्ट, देऊन मोकळे होतो.

खेळाच्या रचनाकारांनी हा प्रश्न दर पिढीत वेगळ्या ठिकाणी सोडवून पाहिला आहे. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत समतोल लेव्हलच्या वेगात होता: दुसऱ्या लेव्हलसाठी थीफला, म्हणजे चोराला, अनुभवाचे १,२५१ गुण पुरत, फायटरला २,००१ लागत आणि मॅजिक-यूझरला, म्हणजे तेव्हाच्या विझार्डला, २,५०१. शिवाय मॅजिक-यूझर पहिल्या लेव्हलला चार-बाजूंच्या एका फाशाएवढा जीव आणि दिवसाला एक मंत्र घेऊन उतरत असे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने सर्वांना गुणांचा एकच तक्ता दिला. किंमत सारखी झाली, ताकद झाली नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्याच क्लासना, म्हणजे पात्रांच्या प्रकारांना, एकाच साच्यातील शक्ती दिल्या. समतोल साधला, परंतु फायटर खेळताना वेगळे काही खेळत असल्याची जाणीव पातळ झाली, असे माझे प्रामाणिक मत आहे.

म्हणून मी आता दिवस लांबवतो, तेही कथेतील कारणाने. आमच्या मोहिमेत कैद्याला पहाटे दुसरीकडे हलवणार होते, त्यामुळे लाँग रेस्ट घेणे शक्यच नव्हते. चौथ्या लढाईत विझार्डजवळ फक्त फायर बोल्ट उरला होता, आणि माझी मैत्रीण तळघराच्या अरुंद दारात पाय रोवून उभी होती. तिच्या शीटवरचा एकही आकडा बदललेला नव्हता.

एक उणीव मात्र या हिशेबाने भरून निघत नाही. लढाईबाहेर विझार्ड उडतो, अदृश्य होतो, कुलपे उघडतो. फायटरला अशा वेळी करण्यासारखे फार थोडे उरते. जुन्या ॲडव्हान्स्ड नियमांत नवव्या लेव्हलच्या फायटरला स्वतःचा किल्ला उभारून अनुयायी मिळवता येत. ती सोय मी नवव्या लेव्हलपर्यंत न थांबता आणली आहे: सोडवलेल्या कैद्याच्या गावाने वेशीवरचे बारा पहारेकरी माझ्या मैत्रिणीच्या फायटरच्या हाताखाली दिले आहेत, आणि पुढच्या सत्राची सुरुवात त्यांच्यापैकी दोघे बेपत्ता झाल्याच्या बातमीने होणार आहे.