मिरजेला गाडी थांबली की

नमस्कार मंडळी. मिरज म्हटलं की आपल्या गोव्यात पहिलं काय आठवतं, तर हॉस्पिटल. अमक्याला मिरजेला नेलंय, हे लहानपणापासून ऐकत आलोय आपण. मी पण आधी तेवढंच मिरज बघितलं होतं. मग एकदा आमच्या आतेचा तंबोरा दुरुस्तीला घेऊन गेले. वास्कोला गोवा एक्सप्रेस धरली, तंबोरा गोधडीत गुंडाळून वरच्या बर्थवर निजवला, आणि दूधसागर आला तरी माझं लक्ष बाहेर कमी नि त्या भोपळ्याकडेच जास्त, धक्का लागून तडा गेला तर काय करायचं!

मिरज म्हणजे पक्कं रेल्वेचं गाव. एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि लातूरकडची नॅरोगेज, तिन्ही इथे येऊन मिळायच्या. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती पण इथूनच.

पण गावाचा जीव आहे तो मीरासाहेबांच्या दर्ग्यात. ख्वाजा शमना मीरा, सूफी संत. उरुसाला चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर घालायची चादर, असतो, आणि तिथेच चिंचेच्या झाडाखाली रात्र रात्र गाणं चालतं, थोर गवई अब्दुल करीम खांसाहेबांच्या आठवणीसाठी. खांसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे, पण राहिले मिरजेत. आजारपणात मीरासाहेबांपुढे गायले आणि बरे झाले, असं मिरजेत अजून सांगतात. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमलकोइल नावाच्या छोट्या स्टेशनात उतरले, प्लॅटफॉर्मवरच अंथरूण घातलं, तंबोरा लावून घेतला, देवाचं नाव सुरात घेतलं आणि तिथेच गेले. त्यांना परत आणलं ते मिरजेला, दर्ग्याच्या आवारात. हे मला दरवेळी सांगताना भरून येतं. आणि बघा, आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर लहानपणी कोल्हापूरला ह्याच खांसाहेबांकडे काही महिने शिकल्या होत्या, म्हणजे ते आपल्याला परके नव्हेतच.

दर्ग्यात डोकं टेकून मी तंबोरा घेऊन कारागिराकडे गेले. सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारी माणसं, संस्थानी काळात ती तंतुवाद्यांकडे वळली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन, म्हणजे हे वाद्य ह्याच गावचं अशी सरकारी ओळख, ती पण मिळाली. त्या कारागीर चाचांनी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस अशी हलकेच फिरवली, एकदा, दोनदा, परत तार छेडली, कान लावला, मान हलवली, परत घासलं. तासभर हेच चाललं होतं. मग सुती दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवला, त्याला जीव म्हणतात ते, आणि एकदम खर्ज असा घुमला की माझ्या अंगावर काटा आला. चाचा म्हणाले, "आता बोलतोय बघा, ताई."

त्या श्रावणात दामोदराच्या भजनी सप्ताहाला वास्कोत आतेनं तोच तंबोरा मांडीवर घेतला होता.