सर, जरा बघता का

सकाळचे साडेनऊ, नाशिकची पंचवटी. निमाणीला बसमधून माणसं उतरतायत, आणि दिंडोरी रोडच्या ह्या अरुंद जिन्यानं वर आलं की हे एका चेअरचं दातांचं क्लिनिक. कुलूप उघडतेय ना ती डॉक्टर, इंटर्नशिप संपून जेमतेम चार महिने झालेत. नाव नको म्हणाली, घरचे सगळे यूट्यूब बघतात म्हणून.

ह्याच रोडनं पुढं म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ सालचं, डीम्ड कॉलेजं सोडली तर महाराष्ट्रातल्या बीडीएसवाल्यांची डिग्री इथूनच निघते. चार वर्षं कॉलेज, एक वर्ष इंटर्नशिप, मग राज्य दंत परिषदेत नाव नोंदवलं की उद्यापासून तुम्ही कुणाचीही दाढ काढू शकता. कायद्यानं.

मी पण डेंटिस्टच. स्वतःचं क्लिनिक टाकलं त्या वर्षी एका पेशंटच्या दाढेचं मूळ आतच तुटलं, तो बिचारा आ करून बसलेला, आणि मी सवयीनं मागं वळून म्हणणार, सर, जरा बघता का, तर मागं भिंत आणि दात कसे घासावेत ह्याचं पोस्टर.

कॉलेजात कोटा असतो, इतकी एक्स्ट्रॅक्शन म्हणजे दात काढणं, इतकी फिलिंग, मग पोरं मेसच्या मावशींना, शेजारच्या काकांना धरून आणतात. हात बसतो, त्यात वाद नाही. पण दात काढायचा का ठेवायचा हे केस पेपरवर आधीच कुणीतरी लिहिलेलं असतं आणि प्रत्येक पायरीला सरांची सही. म्हणजे पाच वर्षं तुम्ही दुसऱ्यानं ठरवलेलं काम करता, आणि एका सकाळी ठरवायचं पण तुम्हीच.

म्हणून ह्या क्लिनिकच्या मोठ्या मॅडमनी हिला पहिला महिना फोर्सेपला, म्हणजे दात काढायच्या चिमट्याला, हातच लावू दिला नाही, नुसती हिस्ट्री घ्यायची, आजार काय, गोळ्या कुठल्या. पोरगी वैतागली होती म्हणे. मला विचाराल तर मॅडमचं बरोबर आहे.

हे बघा, आता आलेत ते दिंडोरीकडचे बाबा, द्राक्षबाग आहे, छाटणी सोडून आलेत. डाव्या बाजूची खालची दाढ, रात्रभर झोप नाही. "काढून टाका मॅडम, काय ते." हिनं विचारलं, शुगर आहे का, बीपी आहे का, गोळ्या काही चालू? नाही नाही, काही नाही. हिनं परत विचारलं, घरी रोज सकाळी उठल्यावर काय काय घेता? तेव्हा सोबत आलेल्या मुलानं पिशवीतून दोन पाकिटं काढली. "ती हार्टची आहे, ती पण धरायची का?"

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. तीन महिन्यांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला.

आता इथं दोन चुका होऊ शकतात. एक म्हणजे काहीच न विचारता दाढ काढायची आणि मग रक्त थांबेना म्हणून धावपळ. दुसरी मला जास्त भीती वाटते ती, आपल्या मनानं सांगायचं की पाच दिवस गोळी बंद करा मग या. ती गोळी बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि दाढेपायी माणूस गमवायचा का? एखादी दाढ काढायला गोळी बहुतेक वेळा बंद करावी लागतच नाही, टाके, दाबून धरलेला गॉज, एवढ्यावर भागतं, पण एवढा ताजा स्टेंट म्हटल्यावर आधी हार्टवाल्या डॉक्टरांशी बोलायचं. ते बोलणं तिनंच केलं, बाबांसमोर, स्पीकरवर. मग एक्स-रे काढला, दुखण्याला पॅरासिटामॉल दिली, डायक्लो नाही, आणि परवाची सकाळची वेळ. सकाळचीच का, तर रक्त वाहिलं तर अख्खा दिवस हाताशी असतो.

बाकी शिकायचं पुष्कळ आहे, एक्स-रे मशीनची नोंदणी, कचऱ्याच्या पिशव्या, सुई पांढऱ्या डब्यात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह १२१ डिग्रीला गेला का नाही. हे चार दिवसांत जमतं. ब्लॉक, म्हणजे जबडा बधिर करायचं इंजेक्शन, दिल्यावर "ओठ जड झाला का" विचारून शांत थांबायला मात्र वेळ लागतो, नवीन पोरं तीन मिनिटांत हत्यार उचलतात आणि मग पेशंट चेअरवरनं उडतो.

बाबा उठले. दाढ तोंडातच.

"मग आज काहीच केलं नाही ना तुम्ही? पैसे कशाचे?"

मोठ्या मॅडम दोनपर्यंत कॉलेज रोडला असतात. हिनं एकदा मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं.

"तपासणीचे दोनशे, बाबा. आणि एक्स-रेचे शंभर."

बाबांनी मुलाकडं बघितलं, मग बंडीच्या खिशात हात घातला.