चौथ्या वर्षाचं पाणी

(लातूर इथं एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिला ‘किनारपट्टीवरच्या वाढत्या शहरांच्या पाण्याचं दीर्घकालीन नियोजन’ आणि व्याख्यान ठेवलं लातुरात. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं. निघताना घरी विचारणा झाली, “तिकडं जाऊन समुद्राचं काय सांगणार तुम्ही?” लातूरकरांना पाण्याबद्दल चार गोष्टी शिकवायची माझी छाती नाही. पण समुद्राकाठची मोठमोठी शहरं आपल्याइतकीच फसली, हे मात्र सांगता येईल.

सुरुवात रेल्वेपासून करू. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला आली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर. पुढं 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, 25 लाख लिटरची. इथल्या निम्म्या लोकांनी ती स्टेशनात जाऊन बघितली असेल. आता तीन वर्षं पुढं या. 12 जुलै 2019, जोलारपेट्टैहून चेन्नईला पाण्याची गाडी निघाली. वाघिणी 50, पाणी 25 लाख लिटर. चेन्नईला वर्षाला सरासरी 1400 मिलिमीटर पाऊस, आपल्या दुप्पट. दाराशी अख्खा बंगालचा उपसागर, आणि त्याचं खारं पाणी गोडं करणारे 10-10 कोटी लिटरचे दोन कारखाने तेव्हा चालू होते. तरी गाडी आपल्याच मापाची. एवढ्या मोठ्या चेन्नईचं सोडा, आपल्या 4 लाखांच्या गावाला 25 लाख लिटर भागून बघा. माणशी सहा लिटर येतात, म्हणजे अर्धी घागर.

पाऊस दुप्पट असून असं का होतं? याचं उत्तर आमच्या पाणी खात्याच्या भाषेतल्या एका शब्दात आहे, विश्वासार्हता. पाटबंधाऱ्याचं धरण बांधताना येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, धरतात 75 टक्के विश्वासार्हतेचा. म्हणजे चारपैकी तीन वर्षं धरण ठरल्याप्रमाणे पाणी देईल, चौथ्या वर्षी नाही दिलं तरी हिशोब चुकला असं म्हणायचं नाही. शेतीला हे चालतं. एक हंगाम बुडतो, माणूस रडतो, कर्ज काढतो, पुढच्या वर्षी पुन्हा पेरतो. पिण्याच्या पाण्याला मात्र 95 टक्के धरतात, कारण चौथ्या वर्षी तहान लागत नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे. आपण मराठवाड्यात काय केलं? शेतीसाठी बांधलेली धरणं होती, त्यांनाच शहरांचे नळ जोडत गेलो. जायकवाडी तसंच, तुमचं धनेगावचं मांजरा तसंच. तीन वर्षांच्या पाण्यावर चार वर्षांचा संसार.

आता एक गुणाकार करा, बोटांवर होतो. लातूर 4 लाख, माणशी दिवसाला 135 लिटर धरा. रोजचे 5 कोटी 40 लाख लिटर होतात, वर्षाला साधारण 20 दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. मांजराचा उपयुक्त साठा आहे सुमारे 177 दलघमी. धरण एकदा भरलं की लातूरच्या पिण्याला लागतो त्याचा नववा हिस्सा. अंबाजोगाई, केज, कळंब धरा, उन्हानं उडून जाणारं धरा. तेही थोडंथोडकं नाही, आपल्याकडं वर्षाला दीड-दोन मीटरचा थर नुसता वर जातो. सगळं धरूनही दोन वर्षांचं पिण्याचं पाणी बाजूला काढून ठेवता आलं असतं. रेल्वे आली ती पाणी नव्हतं म्हणून, हे खरंच. पण ते संपत असताना कुणी कधी थांबायचं, हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

मुंबईचा हिशोब वेगळ्या तऱ्हेनं नाजूक आहे. 1860 चा विहार, मग तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि 2014 चं मध्य वैतरणा. सात तलाव भरले की साठा साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास. रोजची उचल 3900 दशलक्ष लिटर धरा. भागाकार करा, वर्षापेक्षा पाच-सहा दिवस जास्त येतात. एवढं मोठं शहर एका पावसाळ्यातून दुसऱ्यात उडी मारतं, मध्ये पायरी नाही. पण तिथं 1 ऑक्टोबरला साठा मोजायची शिस्त आहे. कपात करायची तर बोलणी तेव्हापासून होतात. शिवाय 1994 साली डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीनं पुढच्या तलावांची यादी करून दिली. चितळे आपल्या संभाजीनगरचे, स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी. मुंबईनं पुढची पंचवीस-तीस वर्षं कुठून प्यायचं हे मराठवाड्यात घर केलेल्या माणसानं सांगितलं, याचा मला अभिमानही वाटतो आणि थोडी गंमतही.

ऑस्ट्रेलियातलं पर्थ घ्या. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून तिथला पाऊस ओसरला, आणि धरणांतला येवा पावसापेक्षा कितीतरी जास्त ओसरला. कोरडी जमीन आधी स्वतः पिते, मग ओढ्याला देते. हे तुम्हाला मृगाच्या पहिल्या सरीपासून ठाऊक आहे. त्यांनी 2006 मध्ये समुद्राचं पाणी गोडं करायला घेतलं. पाऊस येवो न येवो, तेवढा वाटा पक्का. चौथं वर्ष त्यांनी विकत घेतलं.

आपल्याला घेता येईल का? हजार लिटर खारं पाणी गोडं करायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. तेच पाणी लातूरच्या उंचीवर, म्हणजे सव्वासहाशे मीटरच्या वर चढवायला, पंपाची तूट धरून, आणखी सव्वादोन-अडीच. पाइपातलं घर्षण अजून धरलेलं नाही. कोकणातलं वाहून जाणारं पाणी गोदावरीत वळवायची भाषा दर निवडणुकीत होते. माझा त्याला विरोध नाही, पण विजेचं बिल कोण भरणार ते भाषणातच सांगावं. आणि कोकणाला एकदा मे महिन्यात जाऊन बघा. तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेललेल्या वाड्यांवर टँकर चालू असतात. जांभा दगड पाणी धरत नाही, आपला काळा पाषाणही फारसा धरत नाही. दोघेही दिलदार.

आता मागणीकडं येतो, कारण माझी स्वतःची चूक तिथली आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या गावाची योजना माझ्याकडं होती. तीस वर्षांनंतरची लोकसंख्या काढायच्या पद्धती ठरलेल्या असतात, आलेखाचा कागद घ्यायचा, जनगणनेचे ठिपके जोडायचे आणि रेघ पुढं ओढायची. मी ओढली, सुबक ओढली. दहा वर्षांत गावात शिकवण्या आल्या, शिकवण्यांमागं वसतिगृहं आली, खोल्या-खोल्यांत चार-चार पोरं. जनगणनेत ती त्यांच्या गावी, पाण्याला मात्र माझ्या टाकीवर. लातूर पॅटर्नच्या गावात हे वेगळं सांगायला नको. तीस वर्षांची योजना बाराव्या वर्षीच अपुरी पडली, आणि मग त्या गावाच्या वाट्याला आला आमचा आवडता शब्द, ‘वाढीव योजना’.

दुसरी गोष्ट कुठल्याही तक्त्यात नसते. आठ दिवसांनी नळ येतो. घरात दोन ड्रम, एक हौद, झाडून सगळी पातेली भरलेली. नळाचा फुसफुस आवाज झाला की बाई आधी काय करते? ड्रममधलं उरलेलं ‘शिळं’ पाणी अंगणात ओतते आणि ताजं भरते. मी माझ्या बहिणीच्या घरी हे मोजलं, एका वेळेला 140 लिटर. तिला म्हटलं, “अक्का, अगं हे तेच पाणी आहे.” ती म्हणाली, “तुला नाही कळायचं. पुढचं कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून आपलं काठोकाठ असलेलं बरं.” भरवसा नसला की मागणी वाढते. पाणी कमी सोडलं की कमी लागेल, हे गणित कागदावरच सुटतं.

शहराचं सांडपाणी हाही एक तलावच आहे, फक्त त्याचा फोटो काढायला कुणी जात नाही. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, दिवसाला 13 कोटी लिटर. चेन्नई कारखान्यांना असंच पाणी विकते. आणि आपलं परळीचं केंद्र 2015 मध्ये पाण्यावाचून बंद पडलं होतं. परळी काही नागपूर नाही, तेवढं सांडपाणी तिथं निघणारही नाही, पण तो विचार तरी व्हायला हवा होता.

ऊस टाळून पुढं गेलो तर तुम्ही मनात हसाल. उसाला दर कायद्यानं बांधलेला आहे. तुरीचा हमीभाव जाहीर होतो, पण बाजारात तो मिळेलच असं नाही. शेतकरी हिशोबानंच वागतो, त्याला दोष देऊन एक थेंबही वाचणार नाही. पण उन्हाळा काढल्याशिवाय न पिकणारं पीक आणि चौथ्या वर्षी न भरणारं धरण, यांची सोयरीक टिकत नाही. केप टाउनचं बघा, तेही समुद्राकाठचंच. 2018 च्या फेब्रुवारीत तिथं माणशी 50 लिटरची मर्यादा आली आणि शहराचा वापर तीन वर्षांत निम्म्याच्या आसपास उतरला. धरणाचा आकडा दर आठवड्याला जाहीर व्हायचा. नकाशावर मर्यादेत वापरणाऱ्या घरांना हिरवा ठिपका मिळायचा, शेजाऱ्याला दिसेल असा. पण मला जास्त मोलाची वाटते दुसरी गोष्ट. बागायतदारांच्या एका संस्थेनं आपल्या साठ्यातलं 10 दलघमी पाणी शहराला सोडलं. लातूरचं सहा महिन्यांचं पिणं! साठा कुठवर उतरला की शहरावर कोणती बंधनं, त्याच्या पायऱ्या तिथं ठरलेल्या होत्या.

आपल्याकडंही 15 ऑक्टोबर ही तारीख आहेच. त्या दिवशी जायकवाडीत 65 टक्के साठा नसेल तर नगर-नाशिककडून पाणी सोडायचं, हे सूत्र 2014 मध्ये ठरलं. त्यासाठी आपण उच्च न्यायालयापर्यंत भांडलो. वरच्यांनी किती सोडायचं हे ठरलं. आलेलं आपण कसं वापरायचं, हे कुठं ठरलंय? कालवा सल्लागार समिती बसते, पाळ्या ठरतात, चहा होतो.

मी मांजरासाठी एक तक्ता हातानं करून आणलाय. डावीकडं 15 ऑक्टोबरचा साठा, 80 टक्के, 60, 40, 20. पुढं लातूरला रोज किती, कारखान्यांना किती, रब्बीच्या पाळ्या किती, ते मी माझ्या मतीप्रमाणे लिहिलंय. खाडाखोड आहे, सांभाळून घ्या. शेवटचा रकाना उसाचा. 40 टक्क्यांच्या खाली त्यात काय लिहायचं, ते मी कोरं ठेवलंय. तो रकाना माझ्यासारख्या निवृत्त माणसानं भरून चालत नाही. समितीवरचे दोघे-तिघे मला इथं समोर दिसतायत. कागद टेबलावर ठेवतो, पेन्सिलही ठेवतो.