तेरा खुर्च्यांतल्या सहा

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. चहाचा कप, दुकानाची कूपनं, मधेच एक लांब पांढरं पाकीट.)

हे पाकीट बघा. नऊ दिवस झाले ते इथेच पडलंय, मी मोजलेत, कारण मी आलो त्याच दिवशी ते पोस्टाने आलं. त्यावर एकदा फोडणीचं तेल उडालं, एकदा भाच्याने त्याच्या पाठीवर भागाकार सोडवला. हे घर माझ्या मावसबहिणीचं, कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोपासून अर्ध्या तासावर. ताई शाळांच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसात पगाराचं काम बघते, पंधरा वर्षं झाली. पाकिटात काय आहे विचारलं तर म्हणाली, काही नाही रे, पेन्शनवाल्यांची कसली तरी निवडणूक आहे.

कसली तरी!

तर ही जी कसली तरी निवडणूक आहे ती कॅलपर्सच्या बोर्डाची. कॅलपर्स म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंड, सरकारी पेन्शन फंडांत अमेरिकेतला सगळ्यात मोठा. सुरू झाला १९३२ साली फक्त राज्य सरकारच्या नोकरांसाठी, मग १९३९ पासून नगरपालिका वगैरे लोकांनाही दार उघडलं, आणि आज वीस लाखांच्या आसपास सभासद, त्यात पोलीस, फायर ब्रिगेडवाले, सरकारी ऑफिसातले क्लार्क, शाळेच्या बसचे ड्रायव्हर, कॅन्टीनवाल्या बायका. शिक्षक मात्र यात नाहीत, त्यांचा फंड वेगळा. म्हणजे एकाच शाळेत वर्गात शिकवणाऱ्या बाईंची पेन्शन एकीकडे आणि ऑफिसात त्यांचा पगार काढणाऱ्या आमच्या ताईची दुसरीकडे. तिच्या पगारातून दर महिन्याला सात-आठ टक्के कापून जातात, शाळा वरून आपला वाटा घालते, आणि हे सगळं मिळून साचलेली रक्कम पाचशे अब्ज डॉलरच्या वर आहे. रुपयात सांगायचं तर चाळीस लाख कोटींच्या पुढे. आता एवढ्या पैशाचं काय करायचं हे ठरवणारी माणसं किती? तेरा.

(दृश्य: सॅक्रामेंटो, क्यू स्ट्रीट. काचेच्या इमारती, गच्चीवरून खाली लोंबणारी झाडं.)

हे त्यांचं हेडक्वार्टर. आत एक मोठं सभागृह आहे, तिथे या तेरा जणांची मीटिंग होते, कोणीही जाऊन बसू शकतं, घरबसल्या व्हिडिओवरही बघता येते, आणि खरं सांगू का, बघितली तर झोप येते. पण खुर्च्यांचा हिशेब मजेदार आहे, तेवढा ऐका. चार जण पदामुळे आपोआप येतात, राज्याचे ट्रेझरर, कंट्रोलर, मनुष्यबळ खात्याचे डायरेक्टर आणि स्टेट पर्सोनेल बोर्डाचा एक माणूस. तिघं नेमलेले, दोन गव्हर्नरने आणि एक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मिळून. झाले सात. उरलेले सहा सभासदांनी मत देऊन निवडायचे. त्यातल्या दोघांना सगळे सभासद मत देतात, एक फक्त राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांचा, एक शाळावाल्यांचा, एक नगरपालिका-काउंटी वगैरेंचा, आणि एक रिटायर झालेल्यांचा. मुदत चार वर्षं. उभं राहायचं तर अडीचशे सभासदांच्या सह्या आणायच्या. मत पोस्टाने, नाहीतर २०१७ पासून ऑनलाइन किंवा फोनवरून. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नाही मिळाली तर पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक.

म्हणजे तेरात सहा, बहुमताला एक कमी. मला आधी वाटलं ही मुद्दाम केलेली चलाखी असणार, सात केले असते तर काय बिघडलं असतं. पण नंतर बघितलं की पदामुळे येणारे ट्रेझरर आणि कंट्रोलर हेही लोकांच्या मतांवर निवडून येणारे राजकारणी, आणि कॅलिफोर्नियात युनियनला दुखवून निवडून येणं सोपं नाही, त्यामुळे कागदावर सहा असले तरी गणित इतकं सरळ नाहीये.

आता एका माणसाबद्दल सांगतो. रॉब फेकनर. नापा गावच्या शाळांमध्ये खिडक्यांना काचा बसवायचं काम करायचा. मुलांनी बॉल मारून काच फोडली की हा जाऊन नवीन बसवणार. शाळावाल्यांच्या जागेवरून तो बोर्डावर निवडून आला, आणि २००५ पासून सलग बारा-तेरा वर्षं त्याच बोर्डाचा अध्यक्ष राहिला. वॉल स्ट्रीटचे सूटबूटवाले ज्या टेबलासमोर येऊन आमच्यात पैसे गुंतवा म्हणून हात जोडतात त्या टेबलाच्या डोक्याशी काचा बसवणारा माणूस. यावरून लोक दोन टोकांचं बोलतात. काही म्हणतात, शेकडो अब्ज डॉलर कळायला काचकाम करून चालतं होय? आणि काही म्हणतात, पैसे काचा बसवणाऱ्यांचेच आहेत ना मग. मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे. पण पहिल्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, कारण त्याच्याच काळात २००८ची मंदी आली, फंड २६० अब्ज डॉलरवरून १६०-१६५ अब्जांपर्यंत घसरला. अर्थात त्या वर्षी एमबीए केलेल्यांचेही तसेच घसरले होते.

आणि शिकलेल्या, नेमलेल्या माणसांची गोष्टपण ऐका. फ्रेड ब्युएनरोस्ट्रो, २००२ ते २००८ कॅलपर्सचा सीईओ. याने कोर्टात कबूल केलं की लाच घेतली, साधारण दोन लाख डॉलर रोख, कागदी पिशव्यांत आणि एकदा बुटाच्या खोक्यात. देणारा कोण, तर याच बोर्डाचा जुना सभासद अल्फ्रेड व्हियालोबोस, जो नंतर गुंतवणूक कंपन्यांचा दलाल झाला होता, म्हणजे फंडाचे पैसे अमुक कंपनीकडे वळवून देतो आणि मधे माझं कमिशन. व्हियालोबोस खटला उभा राहायच्या आधीच गेला. ब्युएनरोस्ट्रोला २०१६ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली. बुटाचं खोकं हो. आपल्याकडे निदान मिठाईचा बॉक्स तरी असतो.

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं, १९९१-९२.)

मग या सहा खुर्च्या तरी टिकल्या कशा? सरकारला त्या नकोच असणार, कुठल्याही सरकारला नको असतात. १९९१ साली राज्याच्या बजेटला भलंमोठं भोक पडलं होतं, गव्हर्नर होते पीट विल्सन, आणि पेन्शनरांना महागाईपोटी द्यायला बाजूला ठेवलेल्या खात्यांतून दीड अब्ज डॉलरहून जास्त रक्कम उचलून ते भोक बुजवलं गेलं. पेन्शनर खवळले, युनियनवाले खवळले, सह्या गोळा केल्या आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये प्रस्ताव १६२ थेट राज्यातल्या जनतेच्या मतदानाला आणला, थोडक्या फरकाने का होईना पण पास झाला. त्याने कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत लिहूनच टाकलं की फंडाचा पूर्ण अधिकार बोर्डाचा आणि बोर्डाचं पहिलं कर्तव्य सभासदांशी, बाकी सगळं नंतर. आणि त्यातच एक छोटं कलम आहे, माझं सगळ्यात आवडतं. ज्या बोर्डावर कर्मचाऱ्यांचे निवडून दिलेले लोक आहेत, तिथे १ जुलै १९९१ रोजी जेवढ्या जागा होत्या, जी मुदत होती, निवडायची जी पद्धत होती, ती विधिमंडळाला परस्पर बदलता येणार नाही, बदलायची तर जनतेसमोर मतदानाला ठेवा. म्हणजे ताईच्या ओट्यावरच्या या तेलकट पाकिटाला घटनेचं कुलूप आहे! ताईला हे सांगितलं तर म्हणाली, असं का, बरं, आणि कणीक मळायला लागली.

या बोर्डाने हात वर केले की काय होतं त्याचं एक उदाहरण. लॉयल्टन नावाचं गाव आहे, डोंगरात, वस्ती जेमतेम सातशे-आठशे. २०१३ मध्ये गावच्या नगरपालिकेने खर्च वाचवायला कॅलपर्समधून अंग काढून घेतलं. कॅलपर्स म्हणालं ठीके, जा, पण आधी जे रिटायर झालेत त्यांच्या पेन्शनची पूर्ण रक्कम भरून जा, साधारण साडेसोळा लाख डॉलर. गावाकडे कुठले एवढे. तीन वर्षं पत्रं गेली, नोटिसा गेल्या, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये बोर्डाने मत घेऊन तिथल्या चार पेन्शनरांची पेन्शन साठ टक्क्यांच्या आसपास कापली. चार माणसं. ज्यांनी आयुष्यभर आपला वाटा भरला होता, चूक त्यांची काहीच नव्हती. नियमाने बघितलं तर बोर्डाचं बरोबर, एका गावाचं देणं बाकीच्या लाखो सभासदांच्या पैशातून का भरायचं. पण त्या चौघांपैकी एकाच्या घरी बसून हे वाक्य बोलून दाखवा.

निवडणुकीत खरंच काही उलटतं का, हाही प्रश्न आहेच. उलटतं. २०१८ साली बोर्डाच्या अध्यक्ष होत्या प्रिया माथुर, पंधरा वर्षं बोर्डावर, हवामान बदल, कंपन्यांची वागणूक वगैरे बघून पैसे गुंतवावेत या विचाराच्या, त्यात जगभर नाव झालेलं. त्यांच्या विरोधात उभा राहिला जेसन पेरेझ, कोरोना शहराचा पोलीस सार्जंट (शहराचं नाव कोरोना आहे, रोगाच्या आधीपासून). त्याचं म्हणणं साधं, आमची पेन्शन म्हणजे जग सुधारायचा फंड नव्हे, आधी परतावा बघा. त्याच्या हातात एक जुनं उदाहरण पण होतं, कॅलपर्सने २००० च्या सुमाराला तंबाखू कंपन्यांचे शेअर विकून टाकले, आणि नंतर सल्लागारांनी हिशेब मांडला तर त्यात साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास कमाई हुकली होती. पोलिसांच्या संघटना पेरेझच्या मागे उभ्या राहिल्या आणि बसलेल्या अध्यक्षबाई पडल्या. मतदान फारच कमी झालं होतं, लाखो लोकांना पाकिटं गेली आणि बहुतेकांनी कूपनांबरोबर ती टाकून दिली. जे संघटित होते त्यांनी भरून पाठवली. आता यात पेरेझचं बरोबर की माथुरबाईंचं यावर माझं मत सारखं बदलतं, सिगारेट कंपनीच्या नफ्यातून पेन्शन घ्यायची म्हटलं तर घशाखाली उतरत नाही, पण ज्याची पेन्शन आहे त्याला विचारून सोडा ना नफा.

(दृश्य: सातारा जिल्ह्यातलं एक घर. भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर.)

हे आमचं गावाकडचं घर. माझे वडील एमआयडीसीत एका कंपनीत फिटर होते, तेहतीस वर्षं. कंपनीतल्या कामगारांची पतसंस्था होती, आणि तिची निवडणूक आली की आमच्याकडे दिवाळी. रात्री दहाला पॅनेलवाले दारात, अण्णा यंदा कपबशी लक्षात ठेवा हं, ते गेले की छत्रीवाले. कुठल्यातरी ढाब्यावर जेवणावळ, मतमोजणीला अख्खं गाव, गुलाल, एकदा तर दोन चुलतभाऊ या पायात वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. आणि पतसंस्थेत बाबांचे किती होते, तर शेअर आणि ठेव मिळून काही हजार.

पीएफमध्ये त्यांचे लाखो होते. त्याचं मत? कधीच नाही. पीएफचा कारभार बघणाऱ्या आपल्या ईपीएफओचंही सेंट्रल बोर्ड ऑफ ट्रस्टीज आहे, १९५२ च्या कायद्याने, अध्यक्ष केंद्रीय कामगारमंत्री. त्यात दहा खुर्च्या कामगारांच्या, दहा मालकांच्या, शिवाय केंद्र आणि राज्यांचे लोक. पण त्या दहा जणांना निवडत कोणी नाही, मोठ्या कामगार संघटनांशी बोलून केंद्र सरकार नेमतं. सात कोटींच्या वर लोक दर महिन्याला पैसे भरतात आणि कोणाच्याच ओट्यावर पाकीट येत नाही. व्याज सव्वाआठ टक्के ठरलं हे आपल्याला टीव्हीवर कळतं. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे, ती वाढवा म्हणून म्हातारी माणसं बुलढाण्यात उपोषणाला बसली तरी निर्णय दिल्लीत. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला, एकच मिशन जुनी पेन्शन, त्या घोषणा आठवत असतील. पण त्यांचे नव्या पेन्शनचे पैसे ज्या एनपीएस ट्रस्टकडे आहेत त्याच्या बोर्डावर कोण बसतं हे विचारणारी एकही घोषणा मी ऐकली नाही. तिथले ट्रस्टी पीएफआरडीए, म्हणजे पेन्शनवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था, नेमते. नेमलेली माणसं वाईटच असतात असं मी म्हणत नाहीये. पण नेमलेल्याला पाडता येत नाही, एवढंच.

(दृश्य: पुन्हा ओटा. रात्र. वरचा दिवा चालू.)

दहाव्या दिवशी ताईने पाकीट फोडलं. मी शूटिंग करतोय म्हणून फोडलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. आत उमेदवारांची माहिती होती, फोटोसकट, ती उभ्याउभ्याच वाचायला लागली, आणि मग खुर्ची ओढून बसली. एकाचं वाचून म्हणाली, हा इकडचं तिकडचं बोलतो, प्रीमियम किती वाढले त्यावर एक शब्द नाही. कारण आरोग्य विम्याचं पण हेच बोर्ड बघतं, आणि त्याचा हप्ता तिला पाठ आहे. शेवटी एकाच्या नावापुढचा गोल निळ्या पेनने भरला, कोणाच्या ते मला दिसू दिलं नाही, मतपत्रिका परतीच्या पाकिटात घातली, आणि चिकटवताना म्हणाली, काकांना फोन लाव, विचार त्यांना कधी विचारलं होतं का कोणी.

इकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ. बाबांचा चहा झाला होता. मी विचारलं, बाबा, पीएफच्या ट्रस्टींच्या निवडणुकीत तुम्ही कधी मत दिलं होतं का?

म्हणाले, कुठली निवडणूक? पतसंस्थेची ना? ती झाली की फेब्रुवारीत. कपबशीवाले आले.