याला गिऱ्हाईक कोण?

टेबलावरची ही बरणी पाणी प्यायची नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागे एका कार्यक्रमात एका उत्साही कार्यकर्त्याने ती उचलून आत नेली होती आणि मी पाणवनस्पतींवर पाऊण तास नुसते हवेत हात फिरवत बोललो होतो.

आत काय आहे ते पाहा. तळाला दोन बोटं माती, तिच्यावर दोन बोटं वाळू, रिबिनीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया आणि काचेवर सरकणाऱ्या चार-पाच गोगलगायी. मासा नाही, फिल्टर नाही. गेले सात महिने उडून गेलेल्या पाण्याची भर घालण्यापलीकडे मी काही केलेलं नाही. तरी पाणी असं आहे, की पहिल्या रांगेतल्यांचे चेहरे मला त्यातून दिसतायत. जरा सुजलेले दिसतायत, पण तो बरणीच्या गोलाईचा दोष.

या बरणीची आजी लंडनमध्ये होती. 1849 साली रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सुमारे 12 गॅलन मावतील अशा काचेच्या भांड्यात वाळू-माती घातली, व्हॅलिस्नेरिया लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. मासे श्वासातून जे सोडतात ते झाडं घेतात आणि झाडं सोडतात त्यावर मासे जगतात, हे त्याला पाहायचं होतं. हिशेब जुळलाही. पण काही दिवसांनी झाडाची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर बुळबुळीत थर आला. तेव्हा त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला फस्त केला आणि पाणी निवळलं. 1850 मध्ये त्याने हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो त्यानंतर.

मला त्या प्रयोगात माशांपेक्षा गोगलगाय मोठी वाटते. वॉरिंग्टनच्या भांड्यात कुजक्या पानाला गिऱ्हाईक नव्हतं, ते त्याने आणून दिलं. आपल्या घरच्या माशांच्या टाकीतही जे जे पडतं, म्हणजे माशांचं खाणं, त्यांची घाण, गळलेलं पान, दिव्याचा उजेड, त्या प्रत्येकाला गिऱ्हाईक लागतं. ते तुम्ही नेमलंत तर तुमचं काम वाचतं. नेमलं नाहीत तर जागा रिकामी राहत नाही, तिथे शेवाळ दुकान थाटतं.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. कळलं ते असं. पहिली टाकी आणली, घासून चकचकीत केली, नळाचं पाणी भरलं, आणि त्याच संध्याकाळी सहा गोल्डफिश सोडले. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर सगळे वर येऊन तिरके लटकलेले, तोंडाची उघडझाप चाललेली, कल्ले लालभडक. मला वाटलं भूक लागली असेल. म्हणून मी आणखी खाणं टाकलं! मग कुणीतरी म्हणालं, सगळं पाणी बदल. मी पाणी बदललं आणि भरीस भर म्हणून फिल्टरचा स्पंजही नळाखाली खसाखसा धुतला. आठवड्याच्या शेवटी सहातला एक मासा उरला होता.

झालं होतं काय? मासे कल्ल्यांमधून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही तोच होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशांना घातक, तिसरा थोड्या प्रमाणात चालून जातो आणि झाडांच्या उपयोगी पडतो. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती पाण्यात नव्हे, तर स्पंजवर, वाळूच्या कणांवर, पानांवर बसते. म्हणून 'जुन्या टाकीतलं पाणी आणून ओता' हा सल्ला बहुतेक वाया जातो. मागायचंच असेल तर ओळखीच्याच्या चालू फिल्टरमधला मळका स्पंज मागा. मी चौथ्या दिवशी जो स्पंज नळाखाली धरला, त्यावर जी काही दोन-चार बिऱ्हाडं आली असतील, ती क्लोरीनने उठवली.

जाता जाता एक गंमत. हे काम दोन वेगवेगळे जिवाणू विभागून करतात असं शंभरावर वर्षं मानलं जात होतं. 2015 मध्ये नायट्रोस्पिरा गटातले असे जिवाणू सापडले, जे पहिल्यापासून शेवटपर्यंतचं काम एकटेच करतात. त्यांतला एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधल्या थरातूनच लागला.

अमोनियाची आणखी एक खोडी सांगतो, कारण तिच्यापायी लोक फसतात. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक त्यामानाने निरुपद्रवी, त्याला अमोनियम म्हणतात. 25 अंश तापमान आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, 7 असेल तर विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. एकाच्या टाकीत चाललेली चूक दुसऱ्याच्या टाकीत जीव घेते ती अशी.

आणि आता झाडं. बहुतेक पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियम जास्त पसंत असतं. म्हणजे जिवाणूंची वाट न पाहता झाड थेट पहिल्याच पायरीवर माल उचलतं. कमी देखभालीच्या टाकीचं गुपित म्हणाल तर एवढंच आहे. पण झाड वाढतं असलं पाहिजे. लोक दोन देखणे अनुबियास आणतात, लाकडावर बसवतात, आणि टाकी 'प्लांटेड' झाली म्हणतात. अनुबियास महिन्यात एखाद-दुसरं पान काढणारा प्राणी. तो खाणार किती? पहिल्या दिवसापासून हवीत ती खादाड झाडं: हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट, हायग्रोफिला, व्हॅलिस्नेरिया. शोभेचे पाहुणे मागाहून येऊ देत.

त्यातही तरंगणाऱ्या झाडांचा भाव मी वर ठेवतो. साध्या टाकीत झाडांना सगळ्यात तुटवडा असतो कार्बन डायऑक्साइडचा, कारण वायू हवेपेक्षा पाण्यात दहा हजार पटींनी हळू पसरतो. तरंगणारं झाड पानं हवेत ठेवून तो फुकटात घेतं आणि मुळं पाण्यात सोडून घाण खातं. फक्त अर्धा पृष्ठभाग व्यापला की मुठीने काढत राहा, नाहीतर खालच्यांना अंधार.

टाकी केवढी घ्यावी? 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 36 उंच. जवळजवळ 65 लिटर. लोकांना वाटतं, छोटी टाकी म्हणजे छोटं काम. उलट आहे. थोड्या पाण्यात चूक लगेच अंगाशी येते, काचेच्या गोल भांड्यात तर दुपारपर्यंतच. पण वजन लक्षात घ्या. माती, काच, दगड धरून मामला 80 किलोंकडे जातो, तेव्हा डुगडुगत्या टेबलावर नको. खिडकीच्या थेट उन्हातही नको.

तळाला साधी, चाळलेली माती, दोन-अडीच सेंटिमीटर. शेणखत नाही, रासायनिक खत नाही. त्यातून इतका अमोनिया सुटतो, की तो उचलायला गिऱ्हाईकच पुरत नाही. वर तीन सेंटिमीटर जाडसर वाळू. वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा, फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती पाणी कठीण करत राहील. फार बारीक वाळूचा जाड थर दिला तर खाली हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू धरतो. दाट मुळं असली की हा त्रास कमी होतो, मुळं स्वतःच खाली थोडा प्राणवायू नेतात.

लावणी मात्र निवांत करा. वाळू भिजेल एवढंच पाणी घाला. हायग्रोफिलाची खालची पानं खुडा, देठ लांब चिमट्यात धरून तिरका खुपसा आणि चिमटा हलकेच सैल करून काढा, नाहीतर झाड चिमट्याबरोबर वर येतं. अनुबियास आणि जावा फर्न यांचं आल्यासारखं आडवं खोड असतं. ते वाळूत पुरलं की कुजतं. शिवायच्या दोऱ्याने लाकडाला दोन वेढे द्या, फार आवळू नका. काही महिन्यांत मुळं लाकूड धरतात, मग दोरा राहिला काय, सुटला काय. सगळं लावून झालं की वाळूवर बशी ठेवून तिच्यावर पाणी ओता, म्हणजे माती उसळत नाही.

क्रिप्टोकोराइन लावलीत तर आठवड्यात तिची पानं ओल्या कागदासारखी विरघळतील. घाबरून उपटू नका. पाणी बदललं की ती रुसते, पण मुळं जिवंत असतात. दोन-तीन आठवड्यांत मधोमध नवा कोंब दिसतो.

दिवा सुरुवातीला सहा तास, झाडांनी जोर धरला की आठ. टायमर लावा, आपल्या आठवणीवर सोडू नका. झाडं लहान असताना बारा तास दिवा जाळणं म्हणजे उजेडाचा माल दारात ओतून ठेवणं, तो शेवाळच नेणार.

मग थांबायचं. हाच भाग कुणाला जमत नाही. पाण्याची चाचणी करत राहा, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य यायला लागले की मासे. तेही एकदम नाही, चार-पाच आणा, दोन आठवडे जाऊ द्या, मग पुढचे. नवे मासे आधी वेगळ्या भांड्यात दोन-तीन आठवडे ठेवता आले तर उत्तम, एका माशाबरोबर आलेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अख्खी टाकी व्यापतो.

एवढ्या टाकीला एम्बर टेट्रा या चिमुकल्या माशांचा दहाचा थवा आणि जमल्यास मूठभर चेरी श्रिम्प, म्हणजे छोट्या लाल कोळंब्या, बस्स. श्रिम्प असतील तर तांबं असलेलं कुठलंही औषध पाण्यात पडता कामा नये. गोल्डफिश यात बसत नाही, तो वीतभर होतो आणि जेवणात तुमची झाडं घेतो. काच साफ करेल म्हणून आणलेला साधा प्लेको फूटभर वाढतो, आणि स्वतःच इतकी घाण करतो की त्याला आणखी एक सफाईवाला लागेल. गप्पींचं काय, म्हणाल. नुसत्या माद्या आणल्यात तरी पिल्लं होतात, कारण मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते. आमच्याकडे तीन माद्यांपासून काय झालं ते मी इथे सांगत नाही, वेळ कमी आहे.

रोजचं काम म्हणाल तर चिमूटभर खाणं, मिनिटभरात संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. पंधरा दिवसांनी पाव टाकी पाणी बदला. नुसती भर घालू नका, पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात आणि साचत जातात. या बरणीला ते काही महिने खपतं, माशांच्या टाकीला नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन दिवसभर उघडं ठेवून जातो, क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, जात नाही, त्याला थायोसल्फेटचे थेंबच लागतात. स्पंज महिन्या-दोन महिन्यांनी, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच दोनदा पिळायचा. नळाखाली का नाही, ते माझ्या पाच गोल्डफिशना विचारा.

चिठ्ठी आली आहे: 'झाडं प्राणवायू देतात, मग एअर पंप कशाला?' चांगला प्रश्न आहे. दिवसा देतात, रात्री तीही घेतात. शिवाय 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. उकाड्यातल्या रात्री पहाटेच्या सुमाराला टाकी सगळ्यात धोक्यात असते. म्हणून हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर मी ठेवतोच.

दुसरी चिठ्ठी: 'आठवडाभर गावाला गेलो तर?' काही करू नका. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. धोका शेजाऱ्यांचा. किल्ली द्या, खाण्याचा डबा लपवून ठेवा.

शेवटची सूचना आयोजकांची नाही, माझी आहे. छाटलेली झाडं नाल्यात, तळ्यात टाकू नका. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेचं झाड म्हणूनच निघाली आणि जगभरची तळी झाकून बसली. जास्तीची झाडं वाळवून कुंडीत घाला किंवा कुणाला तरी द्या.

तशी ही व्हॅलिस्नेरियाही जास्त झाली आहे. वाळूवरून धावणारे हे आडवे देठ दिसतायत ना, त्यांच्या टोकाला नवी रोपं आहेत. मी कात्री आणली आहे, ज्यांना हवीत त्यांनी पुढे यावं. ओल्या कागदात गुंडाळून देतो. पानाखाली एखादी गोगलगाय चिकटून येईल, ती झटकू नका, ती हिशेबात धरूनच दिली आहे.