ऊन पाणी आणि तीन आठवडे

(चिपळुणात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

चिपळूणकरांसमोर गरम पाण्याच्या झऱ्यांवर बोलायचं म्हणजे काशीत जाऊन गंगा कशी असते ते सांगण्यासारखं आहे. तुरळ, राजवाडी, आरवली, तिकडे दापोलीच्या बाजूला उन्हवरे. इथे बसलेल्या निम्म्या मंडळींनी लहानपणी या कुंडांत पाय पोळून घेतले असतील. माझी आजी 'गरम पाणी' कधी म्हणायची नाही, 'ऊन पाणी' म्हणायची. तेच ऊन आपल्या गावांच्या नावांत जाऊन बसलंय: उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे, खानदेशात उनपदेव. तेव्हा झरा म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. मी सांगणार आहे ते एका लांबच्या झऱ्याबद्दल. तिथे मी २०१६ साली गेलो होतो, आणि तिथून आल्यापासून आपल्या कुंडांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

गावाचं नाव बाड गास्टाइन. ऑस्ट्रियात, साल्झबुर्ग प्रांतात, आल्प्सच्या होहे टाउएर्न नावाच्या रांगेत. उंची साधारण हजार मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडी कमीच. पण गाव दरीच्या दोन्ही अंगांना अक्षरशः चिकटवल्यासारखं आहे आणि त्याच्या बरोब्बर मधून धबधबा कोसळतो. गावाबाहेर नाही हं, मधून. तीन टप्प्यांत मिळून ३४१ मीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा, आठ-आठ मजल्यांची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची हॉटेलं. स्टेशन वर, बाजार खाली. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर जायला लोक सरळ लिफ्टनं जातात. पहिल्या रात्री त्या आवाजानं मला झोप लागेना. बायको म्हणाली, "कोकणात जन्मलास ना? पाऊस पडतोय असं समज आणि झोप." तिला लागली.

आम्ही गेलो होतो ते तिच्या गुडघ्यांमुळे. भाची तिकडे नोकरीला आहे, तिनं आग्रह धरला. मी आयुष्यभर कॉलेजात भूविज्ञान शिकवलं, त्यामुळे माझा स्वार्थ निराळा होता.

तर आधी माझ्या विषयाचं बोलून घेतो. गास्टाइनला सतराएक झरे आहेत, मिळून दिवसाला सुमारे पन्नास लाख लिटर पाणी, तापमान ४४ ते ४७ अंश. लोकांना वाटतं, पाणी गरम म्हणजे खाली ज्वालामुखी असणार. आपल्याकडेही विचारतात, सह्याद्री लाव्हाचा आहे म्हणून तुरळचं पाणी तापतं का? नाही हो. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, तो केव्हाच निवला. दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. डोंगरावर पडलेलं पाऊस-बर्फाचं पाणी फटींतून खाली उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. दीड-दोन किलोमीटर खाली गेलेलं पाणी तापतं, हलकं होतं, आणि सोपी फट मिळाली की झपाट्यानं वर येतं. झपाट्यानं आलं तरच गरम राहतं. रमतगमत आलं तर वाटेतच निवतं. म्हणून झरे ओळीनं, भेगांच्या रेषेवर सापडतात. आपल्याकडे गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरची ती ओळ आहेच.

गास्टाइनच्या पाण्यात मात्र आणखी एक गोष्ट आहे, आणि तिथूनच खरी गंमत सुरू होते. तिथल्या खडकात युरेनियमचा अंश आहे. झऱ्याच्या तोंडाशी फटींमध्ये काळा, मँगनीजचा गाळ धरतो, त्यात रेडियम अडकतं आणि त्यातून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू सुटून पाण्यात मिसळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाइनरिश माखे या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञानं इथलं पाणी तपासलं. पुढे बरीच वर्षं पाण्यातला रेडॉन मोजायचं एकक त्याच्याच नावानं चालत होतं.

आता हा रेडॉन तीन पूर्णांक आठ दिवसांत निम्मा होतो. म्हणजे तुम्ही बाटली भरून घरी आणलीत आणि महिनाभर देवघरात ठेवलीत, तर त्यातला रेडॉन दोनशेव्या भागापेक्षाही कमी उरतो. गंगाजळासारखं हे पाणी तांब्यात बंद करून कोणाच्या मुखात घालता येत नाही. ज्याला हवंय त्यानं हजार मीटर चढून यायचं, आणि यायचं म्हणजे राहायचं.

या राहण्याला तिकडे 'कूर' म्हणतात. उपचारासाठी केलेला मुक्काम. आणि त्याची मुदत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे: तीन आठवडे. आम्ही तिथल्या एका डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय रेडॉनच्या पाण्यात उतरू देत नाहीत. म्हातारेसे गृहस्थ, चष्मा नाकाच्या टोकावर. गुडघे बघितले, रक्तदाब बघितला, फॉर्म भरायला घेतला आणि विचारलं, किती दिवस आहात? भाचीनं सांगितलं, चार. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, मग आंघोळ करा, छान वाटेल. बस्स. आपल्या वैद्यानं 'पथ्य पाळणार नसाल तर औषध कशाला?' म्हणावं, तसा तो सूर होता.

मग आंघोळ केली. टब, पाणी ३७ अंशांच्या आसपास निववलेलं, कारण झऱ्यातलं तसंच घेतलं तर माणूस उकडेल. पंधरा-वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही. पाणी ढवळलं की रेडॉन उडून जातो. नंतर पांघरूण घेऊन अर्धा तास पडून राहायचं. माझ्या बायकोनं लग्नानंतरच्या पस्तीस वर्षांत सलग पन्नास मिनिटं काही न करता काढली असतील तर ती तिथे. बाहेर येऊन म्हणाली, गुडघ्यांचं माहीत नाही, पण डोकं हलकं झालं.

सार्वजनिक तलावातही गेलो. १९६८ साली बांधलेला, डोंगर फोडून. एका बाजूची भिंत म्हणजे नुसता उघडा खडक. मी पोहायचं सोडून त्या भिंतीशी उभा राहून नाईस या खडकाचे पट्टे न्याहाळत होतो, तर जीवरक्षकाला वाटलं मला चक्कर आली. तिथल्या सॉनाबद्दल मी बोलणार नाही. दारावर 'कपड्यांना बंदी' अशी पाटी होती, एवढंच सांगतो. आम्ही पाटी वाचली आणि परत फिरलो.

आता तुमच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला दिसतोय. रेडॉन म्हणजे किरणोत्सर्गी वायू, फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखालचं कारण. लोक घरांच्या तळघरांतून तो बाहेर काढायला पंखे बसवतात, आणि इकडे पैसे देऊन त्यात बसायचं? प्रश्न रास्त आहे. तिथले डॉक्टर म्हणतात, मात्रा थोडी असते, वायू काही तासांत शरीरातून निघून जातो, आणि दुखणं कमी होतं. गावाजवळच बोकश्टाइनला एक सोन्याची खाण होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे सोनं शोधायला नवा बोगदा खणला. सोनं पुरेसं लागलं नाही, आत हवा मात्र गरम आणि दमट. खाणकामगारांचे सांधे दुखायचे थांबले, म्हणतात. आता त्या बोगद्यात छोट्या रेल्वेनं रुग्णांना नेतात आणि ओळीनं खाटांवर घामाघूम निजवतात.

यावर एक चांगला अभ्यास झालेला आहे. मणक्याच्या संधिवाताचे १२० डच रुग्ण घेतले. चाळीस जणांना गास्टाइनच्या खोऱ्यात पाठवलं, चाळीस जणांना हॉलंडमधल्याच एका गरम पाण्याच्या ठिकाणी, चाळीस जण घरी नेहमीचे उपचार घेत राहिले. मुक्काम तीन आठवड्यांचा. २००१ साली निष्कर्ष छापून आले: गेलेले दोन्ही गट घरी राहिलेल्यांपेक्षा बरे, आणि तो फरक परतल्यावरही काही महिने टिकला. आता गंमत बघा. पाणी होतं, तसा रोज व्यायाम होता, फिरणं होतं, विश्रांती होती, आणि घर नव्हतं. यातल्या कशानं गुण आला? मला विचाराल तर, पाण्याला सगळं श्रेय द्यायला मी तयार नाही. माझा संशय त्या तीन आठवड्यांवर आहे.

का, ते सांगतो. या गावाचा इतिहास तुम्ही वाचायला लागलात तर आजार बरे झाल्याच्या गोष्टी कमी आणि भलत्याच गोष्टी जास्त सापडतात. दंतकथा आहे ती आपल्यासारखीच: शिकाऱ्यांचं जखमी हरीण धावत आलं आणि गरम पाण्यात जखम धुताना दिसलं. पण पुढे बघा. १८२५च्या उन्हाळ्यात फोगल नावाचा गायक सांधेदुखीसाठी इथे आला. सोबत आलेल्या त्याच्या मित्राला काही उद्योग नव्हता. त्यानं बसल्या बसल्या पियानोची एक अख्खी सोनाटा लिहिली. तो मित्र म्हणजे संगीतकार फ्रान्झ शुबर्ट. १८६५ साली प्रशियाचा राजा विल्हेल्म कूरसाठी आला, तर त्याचा पंतप्रधान बिस्मार्क फायली घेऊन मागोमाग हजर. १४ ऑगस्टला इथेच ऑस्ट्रियाशी करार झाला: दोन प्रांतांपैकी श्लेस्विग प्रशियानं सांभाळायचा, होल्श्टाइन ऑस्ट्रियानं. राजा आंघोळीला बसलाय आणि शेजारच्या हॉटेलात युरोपचा नकाशा वाटला जातोय! वर्षाच्या आत दोघांची लढाई जुंपली, ते सोडा.

आणि आता आपल्या घरचं नाव घेतो. १९३७च्या नोव्हेंबर अखेरीस एक बंगाली गृहस्थ विमानानं युरोपात आले आणि इथे कुरहाउस होखलांडमध्ये उतरले. सुभाषचंद्र बोस. बाड गास्टाइन त्यांना नवीन नव्हतं. १९३५मध्ये व्हिएन्नात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाल्यावर विश्रांतीसाठी ते इथे येऊन गेले होते. यावेळी प्रकृती ढासळलेली, मागे तुरुंग, आणि पुढे काय तर काँग्रेसचं अध्यक्षपद. त्या मधल्या दीडेक महिन्यात, धबधब्याच्या आवाजात, त्यांनी दहाएक दिवसांत आत्मचरित्राची दहा प्रकरणं लिहून काढली. कटकचं बालपण, आई-वडील, केंब्रिज, आयसीएसचा राजीनामा. तिथवर येऊन हस्तलिखित थांबतं. सोबत होत्या एमिली शेंकल. पुढे एमिलींनी चरित्रकारांना त्या दोघांच्या लग्नाची जी तारीख सांगितली, ती २६ डिसेंबर १९३७, आणि गाव हेच. फेब्रुवारीत हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनात एक्कावन्न बैलांच्या रथातून सुभाषबाबूंची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्या माणसाला असा सलग रिकामा वेळ पुन्हा कुठे मिळाला? ते आत्मचरित्र त्यांनी कधी पुरं केलं नाही.

मी त्या गावात चार दिवस होतो, आणि रोज सकाळी कैसर विल्हेल्म प्रोमेनाड नावाच्या सपाट वाटेवर फिरताना माझ्या मनात तेच यायचं. शेजारून म्हातारी जोडपी दोन काठ्या टेकत सावकाश जायची. कोणालाही कुठे पोचायचं नव्हतं.

पण हे चित्र अर्धंच आहे. मी गेलो तेव्हा धबधब्याशेजारचा चौक, म्हणजे गावाचं काळीजच, कुलपात होता. करार ज्या श्ट्राउबिंगर हॉटेलात झाला, त्याच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. १९०५ साली रेल्वे आली तशी ही गर्दी आली होती, आणि विमानं स्वस्त झाली तशी ओसरली. ज्यांना पूर्वी तीन आठवडे मिळायचे त्यांना आता शनिवार-रविवार मिळतो. ते बर्फावर घसरून सोमवारी कामावर हजर. पुढच्याच वर्षी प्रांत सरकारनं त्या इमारती विकत घेतल्या, २०२३मध्ये हॉटेल पुन्हा उघडलं. चांगलं झालं. झरा मात्र या सगळ्या काळात एका अंशानंही निवला नव्हता. बंद हॉटेलांच्या पायाखालून पन्नास लाख लिटर रोज वाहतच होते.

आपल्याकडे काय झालं? पाणी आपलं जास्त ऊन आहे. उन्हवऱ्याचं सत्तर अंशांपर्यंत जातं. आपण त्याच्या काठाला देव बसवला, हे मला वाईट वाटत नाही; देवानं कुंड राखलं. पण आपण तिथे मुक्काम कधी बांधला नाही. येतो, अंग बुडवतो, नारळ फोडतो, ओले कपडे पिशवीत कोंबतो, निघतो.

गेल्या मार्चमध्ये बायकोला घेऊन तुरळला गेलो. तिच्या गुडघ्यांचं शेवटी ऑपरेशन झालं, ठीक आहेत. रिक्षावाल्याला सांगितलं, थांबा, वीस मिनिटांत आलो. ती काठावर पाय सोडून बसली, मी शेजारी. पाय लाल झाले की बाहेर, निवले की पुन्हा आत. एक आजी नातवाला दटावत होती, मधेच ती आमच्याशीच बोलायला लागली, तिचं माहेर निघालं आमच्या शेजारच्या वाडीतलं. परत आलो तेव्हा सव्वा तास होऊन गेला होता. रिक्षावाला मागच्या सीटवर झोपला होता. त्यानं वेटिंगचे पैसे लावले, आणि मी घासाघीस केली नाही.